अर्ज मागवू नयेत, माणसे शोधावीत

तरुणांच्या समाजसेवेसाठी स्मृती-पुरस्कार देणाऱ्या महाराष्ट्रातील न्यासांच्या विश्वस्तांस खुले पत्र



दिवंगत व्यक्तीच्या नावे निधी बाजूला काढावा आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी कोणाचा तरी गौरव करावा, ही प्रथा महाराष्ट्रात इतकी रुजली आहे की जिल्ह्याच्या ठिकाणीच काय, तालुक्याच्या गावीही असा एखादा पुरस्कार सहज सापडतो. कोणी आईच्या नावे, कोणी अकाली गेलेल्या मुलाच्या नावे, कोणी शिक्षकाच्या वा कार्यकर्त्याच्या नावे हा निधी ठेवलेला असतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला एखादा लहान न्यास तो सांभाळतो, निवड समिती नेमतो आणि जयंतीला किंवा पुण्यतिथीला समारंभ करतो. यांपैकी जे पुरस्कार तरुणांच्या समाजसेवेसाठी दिले जातात त्यांच्यापुरतेच हे पत्र आहे. साहित्य, क्रीडा किंवा नाट्य यांच्या पुरस्काराला निदान काहीतरी उघड समोर असते: पुस्तक, विक्रम, प्रयोग. सेवेचे तसे नाही. ती ज्याला मिळाली त्यालाच पुरती ठाऊक असते, आणि तो ती वर्तमानपत्राला कळवायला बहुधा जात नाही. म्हणून जाहिरात देऊन अर्ज मागवण्याची रूढ पद्धत इथेही ठेवली, तर पुरस्कार सेवेला मिळण्याऐवजी सेवेच्या कागदपत्रांना मिळण्याचा धोका राहतो. ही पद्धत बदलावी, एवढीच विनंती या पत्रात आहे. पण ती नीट समजण्यासाठी पुरस्कारावरचे नाव, निवडीची रीत आणि समारंभानंतरचा काळ या तिन्हींचा विचार करावा लागतो.

नावापासून सुरुवात करणे योग्य, कारण स्मृती-पुरस्कार इतर पुरस्कारांहून वेगळा होतो तो नावामुळेच. २६ ऑगस्ट १९७८ रोजी दिल्लीत गीता आणि संजय चोप्रा ही भावंडे आकाशवाणीच्या केंद्रावर जाण्यासाठी घराबाहेर पडली. गीता १६ वर्षांची होती, संजय १४ वर्षांचा. गीताला तरुणांसाठीच्या ‘युववाणी’ कार्यक्रमात भाग घ्यायचा होता. वाटेत दोघांचे मोटारीतून अपहरण झाले आणि पुढे त्यांची हत्या झाली. धावत्या मोटारीत ही मुले अपहरणकर्त्यांशी झुंजताना रस्त्यावरच्या लोकांनी पाहिली होती. भारतीय बालकल्याण परिषदेने, म्हणजे मुलांच्या कल्याणासाठी १९५२ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरील स्वयंसेवी संस्थेने, त्याच वर्षी या दोघांच्या नावे शौर्य पुरस्कार सुरू केले, एक मुलीसाठी आणि एक मुलासाठी. इथे नाव आणि निकष एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत: जी मुले शेवटपर्यंत लढली त्यांच्या नावाचा पुरस्कार संकटात न डगमगणाऱ्या मुलांना मिळत असे, आणि पुरस्कार घेणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर त्या दोघांची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जात असे. 

परिषदेच्या बालशौर्य पुरस्कारांची मालिका मात्र त्याही आधीची आहे आणि तिचा उगम सेवेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू असताना शामियान्याला आग लागली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू तेथे उपस्थित होते. हरिश्चंद्र मेहरा नावाचा १४ वर्षांचा बालवीर तिथे स्वयंसेवक म्हणून कामावर होता. त्याने जवळच्या चाकूने कापड फाडून अडकलेल्या लोकांना वाट करून दिली. बालशौर्य पुरस्कारांची कल्पना या घटनेतून निघाली आणि पहिले पुरस्कार १९५८ मध्ये नेहरूंच्याच हस्ते दिले गेले. त्या मुलाच्या धैर्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले, परंतु तो त्या जागी होता तो स्वयंसेवेच्या कामासाठी, आणि कापड कोठे फाडावे हे त्याला सुचले त्यामागे बालवीर म्हणून मिळालेले शिक्षण असणार, ही बाजू मागे पडली. शौर्याचा क्षण दिसतो; त्या क्षणापर्यंत नेणारी महिनोन्महिन्यांची साधी हजेरी दिसत नाही. सेवेच्या पुरस्काराने नेमकी हीच हजेरी पाहायची असते, आणि म्हणून त्याचे काम शौर्याच्या पुरस्काराहून अवघड आहे.

सेवेसाठीच्या स्मृती-पुरस्काराचे जगातले एक ठळक उदाहरण ब्रिटनमधले आहे. राजकन्या डायना यांचे ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये अपघाती निधन झाल्यावर त्यांचे स्मारक कसे असावे हे ठरवण्यासाठी तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९९९ मध्ये तरुणांसाठीचा डायना पुरस्कार सुरू झाला. तो ९ ते २५ वर्षे वयाच्या मुलामुलींना समाजासाठी केलेल्या कामाबद्दल दिला जातो आणि आता ब्रिटनबाहेरच्या, भारतातल्याही, तरुणांना मिळतो. एड्सच्या रुग्णाला स्पर्श केला तरी रोग होतो असा समज पसरलेला असताना, १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डायना यांनी हातमोजे न घालता रुग्णाशी हस्तांदोलन केले होते; जानेवारी १९९७ मध्ये त्या अंगोलातील भूसुरुंगांच्या क्षेत्रातून चालत गेल्या होत्या. ज्यांच्याजवळ कोणी जात नाही त्यांच्याजवळ जाणे, हा त्या नावाचा अर्थ लोकांच्या मनात आधीच ठरलेला होता आणि पुरस्काराने तोच उचलला.

तथापि विश्वस्तांनी या पुरस्काराकडून घ्यावे असे सर्वांत मोलाचे काही असेल तर ती त्याची नामनिर्देशनाची रीत. नामनिर्देशन म्हणजे एकाने दुसऱ्याचे नाव सुचवणे. डायना पुरस्कारासाठी तरुणाला स्वतःचे नाव देता येत नाही आणि त्याच्या नातेवाइकांनाही ते देता येत नाही. शिक्षक, संस्थेतील कार्यकर्ता किंवा अशाच नात्याने त्या तरुणाचे काम जवळून पाहिलेल्या प्रौढ व्यक्तीने ते द्यायचे असते आणि कामाचा वृत्तांतही तिनेच लिहायचा असतो. वरवर ही एक तांत्रिक अट वाटते. प्रत्यक्षात तिने पुरस्काराचा सगळा भार उलटा करून टाकला आहे: आपण चांगले आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी मुलावर राहत नाही, त्याच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी मोठ्या माणसावर येते. एखाद्या शिक्षिकेला एका मुलीबद्दल असा वृत्तांत लिहायचा तर त्या मुलीने काय केले, कोणासाठी केले, किती काळ केले, तिच्यामुळे कोणाचे काय बदलले हे तिला विचारत फिरावे लागते. आणि ते नाव पुढे निवडले गेले नाही तरी एका मुलीचे काम एका जबाबदार माणसाने पूर्ण पाहिले, एवढे तरी घडलेलेच असते.

आपल्याकडची शासकीय रीत याच्या उलट आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या युवा धोरणानुसार जिल्हा आणि राज्य पातळीवर युवक, युवती आणि संस्था अशा तीन गटांत युवा पुरस्कार दिले जातात. धोरणात युवतीला स्वतंत्र स्थान आहे आणि संस्थेलाही आहे, या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु पुरस्कारासाठी तरुणाने स्वतः अर्ज करायचा असतो आणि सोबत वृत्तपत्रांतील कात्रणे, प्रशस्तिपत्रे, छायाचित्रे, चित्रफिती असे पुरावे जोडायचे असतात. सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या खात्याला पुरावा मागावा लागतो, त्याबद्दल दोष देता येणार नाही. खासगी न्यासांवर मात्र तशी सक्ती नसतानाही त्यांनी हाच नमुना जसाच्या तसा उचलला आहे, आणि त्याचे परिणाम गंभीर आहेत. कात्रण हवे म्हणजे वार्ताहर हवा. छायाचित्र हवे म्हणजे काम चालू असताना कोणीतरी बाजूला उभे राहून ते टिपणारा हवा. प्रशस्तिपत्र हवे म्हणजे आधी कुठेतरी सत्कार झालेला हवा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मागे राहिलेली मुले संध्याकाळी ओट्यावर जमवून त्यांच्याकडून वाचून घेणारी बारावीतली मुलगी यांतले काहीही जोडू शकत नाही. ज्याच्याकडे फाइल जाड तो पुढे जातो, आणि एकदा पुरस्कार मिळाला की त्याचे प्रशस्तिपत्र पुढच्या फाइलमध्ये लागते. तीच ती नावे पुन्हा पुन्हा दिसण्याचे मुख्य कारण हे आहे. विश्वस्तांच्या हेतूत खोट आहे असे समजण्याचे कारण नाही.

अर्जपद्धतीचा दुसरा परिणाम तरुणाच्या मनावर होतो आणि त्याबाबत मानसशास्त्रातील एक जुना प्रयोग विचार करण्याजोगा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन संशोधकांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले आणि ते दिले. दुसऱ्या गटाला काहीही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्याला काही दिले नाही. काही दिवसांनी मुले मोकळेपणाने खेळत असताना पाहिले तेव्हा पहिल्या गटातील मुले इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. दुसऱ्या गटात, म्हणजे अनपेक्षित प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत, अशी घट दिसली नाही. कामाच्या ओढीतूनच काम करण्याच्या वृत्तीला आंतरिक प्रेरणा म्हणतात. बाहेरच्या बक्षिसाकडे पाहून काम होऊ लागले की ही प्रेरणा दुबळी होते, असा अर्थ संशोधकांनी काढला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा निष्कर्ष वीस वर्षांच्या तरुणांना सरसकट लावणे बरोबर नाही, आणि या विषयावर पुढे पुष्कळ वादही झाले. तरीही अपेक्षित आणि अनपेक्षित बक्षीस यांतला फरक विश्वस्तांनी लक्षात घ्यावा इतका मोठा आहे. अर्ज करून मिळालेला पुरस्कार व्याख्येनेच अपेक्षित असतो. न मागता दारात आलेला पुरस्कार तरुणाला एवढेच सांगतो की त्याचे काम कोणीतरी पाहत होते.

अर्ज बंद केले तर वशिला वाढेल, ही शंका खरी आहे आणि तिला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आज निदान जाहिरात सर्वांसाठी खुली असते. उद्या विश्वस्तांच्या ओळखीतलीच नावे येतील, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. यावर उपाय नावे सुचवणाऱ्यांचे वर्तुळ जाणीवपूर्वक रुंद करण्यात आहे. गावोगाव आशा स्वयंसेविका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक आहेत, सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल आहेत. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली आणि तिच्यातील विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा करावी अशी अपेक्षा असते. हे तास भरल्यावरही जो त्या वस्तीत जात राहतो तो कोण, हे त्या अधिकाऱ्याला नेमके ठाऊक असते. अशा लोकांना दरवर्षी विश्वस्तांनी स्वतः पत्र लिहून नावे विचारावीत, सुचवणाऱ्याचे नाते नसावे ही अट घालावी, आणि ज्यांना सेवा मिळाली त्यांतल्या किमान दोघांशी निवड समितीच्या सदस्याने त्यांच्या घरी जाऊन बोलावे. यात कष्ट आहेत, प्रवास आहे, खर्चही आहे. सभागृहाचे भाडे, फलक आणि पाहुण्यांच्या सरबराईवर होणाऱ्या खर्चातला काही भाग इकडे वळवला तर तो निभावता येईल.

शोधायला बाहेर पडले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते: तरुणांची बरीचशी सेवा एकट्याची नसतेच. माळीण, तळीये, इर्शाळवाडी या दरडींच्या दुर्घटनांत मदतीला धावलेल्यांमध्ये गिर्यारोहक तरुणांचे गट होते. दोर धरणारा, वाट दाखवणारा, खाली रुग्णवाहिकेपाशी थांबून यादी करणारा, यांतला कोण एक निवडायचा? एकाला निवडले तर गटातली समजूत बिघडते आणि पुढच्या वेळी दोर धरायला हात कमी पडण्याची भीती असते. संत गाडगेबाबांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली सुरू केलेले ग्रामस्वच्छता अभियान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ज्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरून गावे झाडली त्यांच्या नावाचे बक्षीस गावाला, म्हणजे ग्रामपंचायतीला, मिळत असे. ते मिळवायचे तर शेजाऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते. नाव, निकष आणि बक्षीस घेणारा हे तिन्ही तिथे एका रेषेत होते. लहान न्यासांनाही गटाला पुरस्कार देता येईल. त्यासाठी बहुधा घटनेतील ‘एक युवक किंवा युवती’ हे शब्द बदलण्यापलीकडे काही करावे लागणार नाही.

मुलींविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. घरातल्या आजारी आजीचे करणे हे कर्तव्य समजले जाते आणि शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या बाईचे करणे हा स्वभाव समजला जातो; दोन्हींना सेवा म्हणण्याची सवय आपल्या समाजाला अजून लागलेली नाही. संघटना स्थापणारा, मोर्चा काढणारा, शिबिर भरवणारा मुलगा कार्यकर्ता ठरतो. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च रोजी मृत्यू झाला, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जाते. पण ती शुश्रूषा म्हणजे रोग्याला उचलणे, धुणे, भरवणे होते, आणि आज ते करणाऱ्या मुलीचे नाव निवड समितीच्या टेबलापर्यंत येत नाही. निकषांत ‘नेतृत्वगुण’ हा शब्द असेल तर त्याच्या शेजारी ‘सातत्य’ हा शब्द लिहावा आणि दोघांना समान गुण द्यावेत.

मानपत्राबद्दल थोडेसे. ‘आपले कार्य दीपस्तंभाप्रमाणे’ अशा वाक्यांचे मानपत्र कोणालाही देता येते, म्हणून ते कोणाचेच नसते. नाव सुचवणाऱ्याने लिहिलेला वृत्तांत आणि घरी जाऊन ऐकलेले बोल यांतून मानपत्र तयार झाले तर त्यात गावाचे नाव येईल, कामाची तारीख येईल, ज्या विहिरीचा गाळ काढला ती विहीर येईल. तसेच ज्यांच्या नावाचा पुरस्कार आहे त्या व्यक्तीने काय केले हेही मानपत्राच्या पहिल्या चार ओळींत साध्या शब्दांत असावे. पंचवीस वर्षांनी समारंभाला येणाऱ्या तरुणाने त्या व्यक्तीला पाहिलेले नसणार. तिच्याबद्दल त्याला जे कळेल ते या कागदातूनच. पुरस्कारार्थी अठरा वर्षांखालील असेल तर छायाचित्र आणि कौटुंबिक परिस्थितीचा तपशील छापण्यापूर्वी त्याला आणि पालकांना विचारावे, आणि गरिबीचे वर्णन करून टाळ्या मिळवण्याचा मोह निवेदकाला होऊ देऊ नये. ज्यांची सेवा झाली त्यांच्या बाबतीतही हीच मर्यादा पाळली पाहिजे, कारण आजारपण, व्यसन किंवा उपासमार यांची जाहीर वाच्यता त्यांनी मागितलेली नसते.

शेवटी समारंभानंतरच्या काळाविषयी. भारतीय बालकल्याण परिषदेच्या पुरस्कारात एक तरतूद अशी आहे की निवडलेल्या मुलाला शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत अर्थसाहाय्य मिळते आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी वेगळी शिष्यवृत्तीही आहे. पदक एका दिवसाचे, पण नाते काही वर्षांचे, असा तिचा अर्थ. लहान न्यासाला इतका खर्च झेपणार नाही. परंतु सेवा करणाऱ्या तरुणाला बऱ्याचदा पैशाहून वेगळ्या गोष्टी हव्या असतात: तहसील कार्यालयात सोबत येणारे एक वडीलधारे माणूस, रक्तदात्यांची यादी ठेवायला एक संगणक, प्रथमोपचाराचे रीतसर प्रशिक्षण, परगावी शिकायला गेल्यावर मागे राहिलेले काम पुढे चालवणारा कोणी. नोकरीसाठी पुण्यामुंबईकडे निघालेल्या तरुणाचे काम बंद पडते ते याच टप्प्यावर, आणि त्या वेळी न्यासाचे विश्वस्त गावातच असतात. पुरस्काराची रक्कम एकदम न देता तीन वर्षांत विभागून द्यावी, दरवर्षी एका विश्वस्ताने त्या तरुणाकडे जाऊन काय चालले आहे ते विचारावे, आणि काम थांबले असेल तर ते का थांबले हे टिपून ठेवावे. काम थांबल्याबद्दल त्याला जाब विचारू नये किंवा उरलेली रक्कम रोखू नये, कारण सेवा ही त्याने न्यासाशी केलेल्या कराराची अट नाही. दहा वर्षांच्या अशा टिपणांतून त्या तालुक्यातील तरुण सेवेकडे कसे वळतात आणि कशामुळे दुरावतात याची जी माहिती जमेल ती आज कोणत्याही खात्याकडे मिळणार नाही, आणि पुढच्या वर्षी नावे विचारण्यासाठी कोणाला पत्र लिहावे हेही त्यातूनच कळेल.

यंदाच्या पुरस्काराची जाहिरात बहुतेक न्यासांनी अजून दिलेली नसेल. ती देण्यापूर्वी विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही नम्र विनंती.